टोमॅटो बंद करण्याआधी सीआरपी पुन्हा तपासून घ्या

प्रश्न: माझं वय 44. वजन थोडं जास्त आहे, पोट सुटलंय. वडिलांना 51व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता, म्हणून तपासण्या करून घेतल्या. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 128, साखर सीमारेषेवर आणि एचएस-सीआरपी 4.2 आला. ‘शरीरात दाह आहे’ एवढंच मला सांगण्यात आलं. मग वाचून-ऐकून मी टोमॅटो, बटाटे, वांगी, गहू, दूध आणि बियांपासून काढलेली सगळी तेलं बंद केली. फिश ऑइल आणि कर्क्युमिनच्या (हळदीतलं द्रव्य) कॅप्सूल सुरू केल्या. दोन महिन्यांत वैतागलोय. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं, पण त्याचा याच्याशी संबंध नसावा. दाहकारक आहारानं खरंच हृदय बिघडतं का? आणि मी करतोय ते बरोबर आहे का?

उत्तर: हिरड्यांचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण माझी नजर तिथंच अडकली. संबंध आहे, आणि चांगलाच आहे. म्हणून आहाराकडे वळण्याआधी तुमच्या त्या 4.2 बद्दल बोलू.

सीआरपी हे यकृतात तयार होणारं एक प्रथिन आहे; एचएस-सीआरपी ही ते बारकाईनं मोजणारी तपासणी. 1930 मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते पहिल्यांदा सापडलं. शरीरात कुठंही दाह, म्हणजे संसर्गाला किंवा इजेला शरीरानं दिलेली सुजेसारखी प्रतिक्रिया, सुरू झाला की पेशी इंटरल्यूकिन-6 नावाचा निरोप रक्तातून धाडतात आणि यकृत सीआरपी बनवायला लागतं. मोठा संसर्ग झाला तर त्याची पातळी हजारपटीपर्यंत चढू शकते, आणि कारण मिटलं की तितक्याच झपाट्यानं उतरते, कारण रक्तात त्याचं अर्धायुष्य जेमतेम 19 तासांचं असतं. म्हणजे सीआरपी हा धूर आहे. कुठंतरी काहीतरी धुमसतंय एवढं तो सांगतो. हृदयाच्या रक्तवाहिनीत, गुडघ्यात की दाढेच्या मुळाशी, हे त्याला सांगता येत नाही.

हृदयाच्या दृष्टीनं हा आकडा वाचायची पद्धत अशी: लिटरमागे 1 मिलिग्रॅमच्या खाली असेल तर जोखीम कमी, 1 ते 3 मध्यम, 3 च्या वर जास्त. 10 च्या वर गेला तर तो हृदयासाठी वाचायचाच नाही, आधी संसर्ग शोधायचा. आणि एकदाच केलेल्या तपासणीवर विसंबायचं नाही. किमान दोन आठवड्यांच्या अंतरानं दोनदा करायची. सर्दी-खोकला, लसीकरण, दुखापत, दात काढणं, हिरड्यांचा आजार यातल्या कशानंही 1.5 चे 4.2 होऊ शकतात. माझ्याकडे असे अनेक जण येतात, ज्यांनी एका कागदावरच्या एका आकड्यापायी अर्धं स्वयंपाकघर रिकामं केलेलं असतं. तेव्हा पहिलं काम म्हणजे दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन हिरड्यांचे उपचार पूर्ण करणं. त्यानंतर सहा-आठ आठवड्यांनी, अंगात ताप-सर्दी नसताना, पुन्हा रक्त द्या.

आता मूळ प्रश्न. आहारामुळे दाह वाढतो आणि त्यानं हृदय बिघडतं, हे खरं आहे का? खरं आहे. पण तुम्ही जिथं शोधताय तिथं ते नाही.

रक्तवाहिनीच्या भिंतीत दाह असतो हे रुडॉल्फ फिरखो या जर्मन शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच सूक्ष्मदर्शकाखाली पाहून लिहून ठेवलं होतं. पुढं 1913 मध्ये रशियात निकोलाय अनिचकोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घातलं आणि त्यांच्या रक्तवाहिन्यांत चरबीचे थर बसलेले दाखवले. या प्रयोगाचा ठसा इतका खोल उमटला की नंतरची कित्येक दशकं सगळं बोलणं कोलेस्टेरॉलभोवतीच फिरत राहिलं. रक्तवाहिनी म्हणजे नळ आणि चरबी म्हणजे गाळ, असं चित्र लोकांच्या मनात बसलं आणि आम्हा डॉक्टरांच्याही. मी शिकलो तेव्हा आम्हाला हेच शिकवलं जायचं. 1999 मध्ये रसेल रॉस या अमेरिकी संशोधकाचा जो लेख गाजला, त्याच्या शीर्षकातच रक्तवाहिन्यांचा हा आजार दाहाचा आजार आहे असं म्हटलं होतं. तोवर दोन तट पडले होते, कोलेस्टेरॉलवाले आणि दाहवाले. आज हे भांडण निरर्थक वाटतं, कारण दोघंही एकाच गोष्टीची दोन टोकं धरून बसले होते.

घडतं ते असं. रक्तवाहिनीला आतून पेशींच्या एका पातळ थराचं अस्तर असतं. उच्च रक्तदाब, धूर, जास्त साखर यांनी ते अस्तर दुखावतं आणि रक्तातले कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएलचे कण त्याखाली शिरून अडकतात. अडकलेले कण हळूहळू ऑक्सिडाइझ होतात. शरीराला ते परके वाटायला लागतात आणि त्यांना गिळायला पांढऱ्या पेशी धावून येतात. गिळून गिळून या पेशी फुगतात, फेसाळ दिसायला लागतात, तिथंच मरतात आणि मरताना आणखी पेशींना बोलावतात. कोलेस्टेरॉलचे बारीक स्फटिक तयार होतात आणि तेही दाहाची यंत्रणा चेतवतात. या सगळ्या गोळ्यावर शरीर तंतूंचं झाकण घालतं. झाकण जाड असेल तर माणूस तो गोळा घेऊन वर्षानुवर्षं जगतो. पण आतला दाह चालू राहिला तर पांढऱ्या पेशी झाकणाचेच तंतू विरघळवणारी विकरं सोडतात. झाकण पातळ होतं, एक दिवस फाटतं, त्यावर काही मिनिटांत गुठळी धरते, आणि तोच झटका. म्हणूनच निम्मीसुद्धा न अडलेली रक्तवाहिनी अचानक पूर्ण बंद पडू शकते. आदल्या महिन्यात ‘सगळं ठीक आहे’ असं ऐकून गेलेला माणूस असा कोसळतो, त्यामागं बहुतेकदा हेच असतं.

याची सुरुवात फार लवकर होते. कोरियाच्या युद्धात मरण पावलेल्या 300 अमेरिकी सैनिकांचं शवविच्छेदन 1953 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांचं सरासरी वय 22 होतं, आणि दर चारातल्या तिघांहून जास्त जणांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत आजाराच्या खुणा डोळ्यांना दिसत होत्या. तुम्ही 44 चे आहात. गेल्या दोन महिन्यांत काय खाल्लं यापेक्षा गेल्या वीस वर्षांत काय खाल्लं आणि पुढच्या वीस वर्षांत काय खाल, याचं वजन इथं जास्त पडतं.

तरी एक शंका उरतेच. दाह हा कारण आहे की नुसता सोबती? कोलेस्टेरॉल कमी केलं की दाहही उतरतो, मग फायदा नेमका कशाचा झाला म्हणायचा? याचं उत्तर 2017 मध्ये कॅन्टॉस या चाचणीनं दिलं. आधी झटका येऊन गेलेल्या आणि सीआरपी 2 च्या वर असलेल्या 10,061 रुग्णांपैकी काहींना कॅनाकिनुमॅब हे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी दिलं, काहींना औषध नसलेलं तसंच इंजेक्शन. या औषधानं एलडीएल हलत नाही, ते फक्त इंटरल्यूकिन-1 बीटा या दाहाच्या रेणूला अडवतं. तरीही मधल्या मात्रेच्या गटात झटका, पक्षाघात आणि हृदयविकारानं मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण 15 टक्क्यांनी कमी झालं. कोलेस्टेरॉलला हात न लावता झटके कमी झाले, म्हणजे दाह हा नुसता सोबती नव्हे. पण त्याच चाचणीत जीवघेण्या संसर्गांचं प्रमाण किंचित वाढलं. दाह ही शरीराची संरक्षणाचीही यंत्रणा आहे. ती पार बंद पाडली की किंमत मोजावी लागते.

पुढच्याच वर्षी मेथोट्रेक्सेट या दुसऱ्या दाहविरोधी औषधाची मोठी चाचणी सपशेल निष्फळ ठरली. कोल्चिसिन हे गाउटवरचं जुनं औषध, रोज 0.5 मिलिग्रॅम, त्यानं 2019 आणि 2020 च्या चाचण्यांत फायदा दाखवला आणि 2024 च्या एका मोठ्या चाचणीत दाखवला नाही. हे सगळं मी मुद्दाम सांगतोय. ‘दाह कमी करणारं’ असं लेबल लागलं म्हणून कुठलीही गोष्ट हृदयाला तारेल असं नाही. दाहाच्या वाटा अनेक आहेत, आणि कोणती अडवली यावर सगळं अवलंबून असतं. औषधांची ही गत, तर कर्क्युमिनच्या कॅप्सूलकडून किती अपेक्षा ठेवायची ते तुम्हीच ठरवा.

अन्न या साखळीत शिरतं कुठून? एका दारानं नाही. सगळ्यात मोठं दार एलडीएलचंच. संपृक्त चरबी (लोणी, साय, खोबरेल यांतली) आणि ट्रान्स फॅट यांनी एलडीएल वाढतं, आणि भिंतीत अडकायला कणच जास्त मिळाले की दाहाला इंधन मिळतं. ‘कोलेस्टेरॉल हे थोतांड आहे, खरा गुन्हेगार दाह’ असं सांगणारे बरेच भेटतील. ते आगीबद्दल बोलतात आणि लाकडांबद्दल गप्प बसतात.

दुसरं दार पोटातल्या चरबीचं, आणि तुमच्या बाबतीत मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. कातडीखालची चरबी तुलनेनं शांत असते. आतड्यांभोवती साठलेली चरबी मात्र स्वस्थ बसत नाही. तिच्यात पांढऱ्या पेशी शिरतात आणि इंटरल्यूकिन-6 आणि टीएनएफ-अल्फा हे दाहाचे निरोप सतत रक्तात सोडत राहतात. हे रक्त थेट यकृताकडे जातं, यकृत सीआरपी बनवतं, साखरेवरचा ताबा सुटायला लागतो, ट्रायग्लिसराइड्स ही रक्तातली चरबी चढते. सुटलेलं पोट, सीमारेषेवरची साखर आणि वाढलेला सीआरपी ही तिन्ही लक्षणं तुमच्यात एकत्र आहेत, आणि हा योगायोग नसावा. वजन घटवण्याच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशेब असा निघाला की दर एक किलोमागे सीआरपी साधारण 0.13 नं उतरतो. म्हणजे आठ किलो उतरले तर एकाच्या आसपास. टोमॅटो सोडून एवढा फरक पडल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

तिसरं दार आतड्यांचं. आपल्याला न पचणारे तंतुमय पदार्थ मोठ्या आतड्यातले जिवाणू खातात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी छोटी आम्लं तयार करतात. आतड्याच्या अस्तराच्या पेशी याच आम्लावर पोसल्या जातात, आणि दाहाला आवर घालणाऱ्या पेशींनाही त्यानं बळ मिळतं. तंतू कमी पडले की ते अस्तर कमजोर होतं आणि जिवाणूंच्या कवचाचे तुकडे थोडे थोडे रक्तात झिरपतात. ते पोचले की शरीर संसर्ग झाल्यासारखं वागतं, पण हळू आवाजात आणि रोज. याच जिवाणूंची एक दुसरी करामत 2011 मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी पुढं आणली. अंडी आणि मांसातल्या काही घटकांपासून हे जिवाणू एक पदार्थ बनवतात, यकृतात त्याचा टीएमएओ होतो, आणि तो रक्तात जास्त असलेल्यांना हृदयविकार जास्त आढळतो. पण कारण कोण आणि परिणाम कोण यावर अजून वाद आहे, म्हणून टीएमएओची तपासणी करा असं मी कुणाला सांगत नाही.

चौथं दार प्रत्येक जेवणाचं. साखर आणि मैद्याचं भरपूर, वर तेला-तुपाचं जड जेवण झालं की पुढचे काही तास रक्तात साखर आणि चरबी दोन्हींची लाट असते. त्या काळात रक्तवाहिन्यांचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड नीट सोडू शकत नाही आणि रक्तवाहिनी पुरेशी सैलावत नाही. एका जेवणानं कुणाचं काही बिघडत नाही. पण दिवसातून चार वेळा, वर्षानुवर्षं हीच लाट येत राहिली तर अस्तराला उसंतच मिळत नाही.

एक प्रयोग मला विसरता येत नाही, उंदरांवरचा असला तरी. 2018 मध्ये जर्मनीतल्या बॉन इथल्या गटानं उंदरांना चार आठवडे चरबी-साखरेनं भरलेलं आणि तंतू नसलेलं अन्न दिलं. रक्तात दाह उसळला. मग त्यांना त्यांच्या नेहमीच्या अन्नावर परत आणलं. रक्तातला दाह ओसरला, पण अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींत झालेला बदल तसाच राहिला. नंतर लहानशी चेतावणी मिळाली तरी त्या पेशी आधीपेक्षा जास्त चवताळून उठत होत्या. माणसात हे किती लागू आहे ते ठरायचंय. पण ‘सोमवारपासून कडक, शनिवारी मोकाट’ असा आहार करणाऱ्यांना मी हा प्रयोग सांगतो.

आता माणसांतला पुरावा, आणि त्यात तुमच्या टोमॅटोची गोष्ट. 2020 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी 2,10,145 स्त्री-पुरुषांच्या आहाराच्या नोंदी तपासल्या, काहींच्या तर 32 वर्षांपर्यंतच्या. प्रत्येकाच्या आहाराला दाहाचे गुण दिले. सर्वांत दाहकारक आहार असलेल्या पाचव्या हिश्श्यात सर्वांत कमी दाहकारक हिश्श्याच्या तुलनेत हृदय-रक्तवाहिन्यांचे आजार 38 टक्के जास्त होते; हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार 46 टक्के जास्त, पक्षाघात 28 टक्के जास्त. हे निरीक्षण आहे, प्रयोग नाही, त्यामुळे बाकीच्या सवयींचा हात त्यात असणारच. तरी आकडे दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत.

पण ते गुण देतात कसे? अन्नाचे 18 गट आणि रक्तातल्या दाहाच्या खुणा यांचं गणित जुळवून ही पट्टी बनवलीय. तिच्यात प्रक्रिया केलेलं मांस, लाल मांस, मैद्याचे पदार्थ आणि गोड शीतपेयं दाह वाढवणाऱ्या बाजूला आहेत. पालेभाज्या, गाजरासारख्या गडद पिवळ्या-केशरी भाज्या, चहा आणि कॉफी दाह कमी करणाऱ्या बाजूला. इथवर ठीक. पण त्याच पट्टीत टोमॅटो दाह वाढवणाऱ्या बाजूला आहे आणि पिझ्झा दाह कमी करणाऱ्या बाजूला! बिअर आणि वाइनसुद्धा. म्हणून आम्ही रुग्णांना टोमॅटो सोडून पिझ्झा आणि बिअर घ्यायला सांगायचं का? मोठ्या लोकसंख्येचं गणित गटांची सरासरी सांगतं. टोमॅटो कशासोबत आणि कोण खातं, सॉस म्हणून की कच्चा, हे सगळं त्या आकड्यात मिसळून जातं. एकूण गुण कामाचे; त्यातली एक ओळ उचलून एकेका पदार्थाला फाशी देणं कामाचं नाही. (दारूचं सांगायचं तर, दाहाचे गुण काहीही असोत, तिच्यानं रक्तदाब वाढतो आणि हृदयाची लय बिघडते. औषध म्हणून ती कुणीही सुरू करू नये.)

टोमॅटो, बटाटे, वांगी एकाच वनस्पतीकुळातली आहेत आणि त्यांच्यात सोलॅनिनसारखी द्रव्यं अत्यल्प असतात, यावरून ती ‘दाहकारक’ ठरवली गेली. हृदयाच्या बाबतीत याला आधार नाही. हिरवे पडलेले, कोंब आलेले बटाटे टाकून द्या. बाकी बिनधास्त खा. बटाटा तळला की तक्रार तळण्याची आणि मिठाची. गव्हाचंही तसंच. सीलिॲक रोग (गव्हातल्या ग्लूटेननं आतड्याला इजा होणारा आजार) असेल तर गहू कायमचा बंद, त्यात तडजोड नाही. तो नसेल तर कोंड्यासकट गहू हा तंतूंचा चांगला स्रोत आहे. काढायचा तर मैदा काढा. दुधाबद्दल लोकांना वाटतं त्याच्या उलट आहे: दूध आणि दही देऊन केलेल्या चाचण्यांत दाहाच्या खुणा एकतर तशाच राहिल्या किंवा किंचित उतरल्या. लोणी-सायीचा प्रश्न एलडीएलचा आहे, दाहाचा नाही.

बियांच्या तेलांवर मात्र जरा थांबतो, कारण ती बंद करून तुम्ही दुसरं काय सुरू केलंत ते लिहिलेलं नाही, आणि मला काळजी त्याचीच आहे. कागदावर युक्तिवाद असा असतो: या तेलांत ओमेगा-6 प्रकारचं लिनोलेइक आम्ल असतं, शरीर त्यापासून ॲरॅकिडोनिक आम्ल बनवतं, त्यापासून दाहाचे रेणू बनतात, म्हणून तेल म्हणजे दाह. वाचायला पटतं. पण माणसांना प्रत्यक्ष लिनोलेइक आम्ल जास्त देऊन पाहिलं तेव्हा रक्तात ॲरॅकिडोनिक आम्लही फारसं वाढलं नाही आणि सीआरपीही नाही. उलट संपृक्त चरबीच्या जागी अशी तेलं वापरली की एलडीएल उतरतं आणि हृदयविकार कमी होतो. तेल टाळून त्याजागी लोणी आणि खोबरेल आणलं असेल तर पुढच्या तपासणीत तुमचं 128 वर गेलेलं दिसेल. तेल बेताचं घ्या आणि तेच तेल पुन्हा पुन्हा तापवून तळू नका, एवढं पुरे.

मग खरे दोषी कोण? वनस्पती तेल हायड्रोजननं घट्ट करून बनवलेली चरबी, म्हणजे औद्योगिक ट्रान्स फॅट, यात पहिलं. ते एलडीएल वाढवतं, चांगलं एचडीएल पाडतं आणि दाहाच्या खुणाही चढवतं. डेन्मार्कनं 2003 मध्येच त्यावर कायद्यानं मर्यादा घातली; जागतिक आरोग्य संघटना ते दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या 1 टक्क्याच्या आत ठेवायला सांगते. वेष्टनावर ‘अंशतः हायड्रोजनेटेड’ असं दिसलं तर वस्तू खाली ठेवा. नंतर गोड पेयं. साखर प्यायली की पोट भरल्याची जाणीव होत नाही आणि ती सगळी पोटातल्या चरबीच्या खात्यात जमा होते. फळांचा रसही फळापेक्षा पेयाच्याच जवळचा. प्रक्रिया केलेलं मांस, म्हणजे सॉसेज, हॅम, बेकन: रोज 50 ग्रॅममागे हृदयविकाराची जोखीम 18 टक्क्यांनी जास्त, असं चौदा लाखांहून जास्त लोकांच्या नोंदींतून 2021 मध्ये निघालं. साध्या लाल मांसात ती वाढ 9 टक्के होती, कोंबडीत दिसली नाही.

आणि कारखान्यात तयार झालेले, पाकीट फोडलं की खायला तयार असे पदार्थ. 2019 मध्ये अमेरिकेत 20 जणांना दोन आठवडे असे पदार्थ आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं अन्न दिलं. दोन्ही ताटांत साखर, चरबी, मीठ आणि तंतू मोजून सारखे वाढले होते. हवं तेवढं खायची मुभा होती. पाकिटातल्या अन्नावर माणसं रोज साधारण 500 कॅलरी जास्त खाऊन गेली आणि दोन आठवड्यांत 0.9 किलोनं वाढली. कुणी हावरट नव्हतं. ते अन्नच भराभर आणि जास्त खाल्लं जातं.

काय काढायचं हे झालं. पण काढण्यापेक्षा काय आणायचं याला माझ्या लेखी जास्त महत्त्व आहे. तुमच्या पत्रात सहा गोष्टी बंद केल्याचं आहे आणि सुरू केल्या त्या फक्त कॅप्सूल. आहाराचा खरा पुरावा मिळतो तो आणण्याच्या बाजूला. स्पेनमधल्या प्रेडिमेड चाचणीत 7,447 जणांपैकी दोन गटांना भूमध्यसागरी पद्धतीचा आहार दिला, एकाला ऑलिव्ह तेल आणि दुसऱ्याला रोज 30 ग्रॅम अक्रोड-बदामासारखा सुकामेवा पुरवून. कॅलरीवर बंधन नव्हतं. साधारण पाच वर्षांत झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराचे मृत्यू मिळून 30 टक्क्यांनी कमी झाले, आणि त्यात मोठा वाटा पक्षाघाताचा होता. 2013 चा तो लेख काही केंद्रांवर गट पाडताना नियम मोडल्याचं उघड झाल्यानं 2018 मध्ये मागे घेतला गेला, सुधारून पुन्हा छापला गेला आणि निष्कर्ष जवळपास तोच राहिला. ज्यांना आधीच हृदयविकार आहे अशा 1,002 रुग्णांवर स्पेनमधल्याच कोर्दोबामध्ये झालेल्या सात वर्षांच्या चाचणीतही, 2022 मध्ये, हाच आहार कमी चरबीच्या आहारापेक्षा सरस ठरला. ऑलिव्ह तेलात जादू आहे असा याचा अर्थ मी घेत नाही. भाज्या, डाळी, कडधान्यं, अख्खं धान्य, फळं, सुकामेवा, असंपृक्त तेल, जमत असेल त्यांना मासे. हे सगळं रोज ताटात आलं की मैदा-साखर-मांसाला जागाच कमी उरते. जगातल्या कुठल्याही स्वयंपाकात हे बसवता येतं.

आकडा हवाच असेल तर तंतूंचा धरा: दिवसाला किमान 25 ग्रॅम. बहुतेकांचं पोट याच्या निम्म्यातच थांबतं. डाळी-कडधान्यांची वाटी रोज दोनदा आणि भाज्या-फळं मिळून 400 ग्रॅम, एवढ्यात तुम्ही तिथवर पोचता. एकदम नको, दर आठवड्याला थोडं वाढवा आणि पाणी वाढवा, नाहीतर पोट फुगतं आणि माणूस चौथ्या दिवशी सोडून देतो.

कॅप्सूलबद्दल स्पष्टच सांगतो. साध्या फिश ऑइलनं निरोगी माणसांचे झटके टळतात असं मोठ्या चाचण्यांत दिसलेलं नाही. जास्त मात्रेत हृदयाची लय बिघडण्याची शक्यता मात्र वाढते. शुद्ध ईपीए (माशांच्या तेलातलं एक ओमेगा-3 आम्ल) दिवसाला 4 ग्रॅम या औषधानं एका चाचणीत फायदा झाला, पण ते ट्रायग्लिसराइड्स चढलेले आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध) घेणारे रुग्ण होते. तुम्ही त्यात नाही. कर्क्युमिन आतड्यातून नीट शोषलंच जात नाही, आणि शोषण वाढवलेल्या कॅप्सूलनं यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. दोन्ही थांबवा, आणि ते पैसे दातांच्या डॉक्टरांकडे वळवा.

हे उत्तर इतरही वाचतील, म्हणून दोन धोक्याच्या खुणा. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांनी ‘दाहविरोधी’ म्हणून पालेभाज्या एकाएकी वाढवू नयेत, त्यातल्या के जीवनसत्त्वानं औषधाचा परिणाम कमी होतो. रोज साधारण सारख्या प्रमाणात खा आणि डॉक्टरांना सांगा. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी फळं, डाळी, सुकामेवा वाढवण्याआधी पोटॅशियमबद्दल विचारून घ्यावं. आणि आहार सुधारला म्हणून कुणीही आपल्या मनानं स्टॅटिन बंद करू नये. स्टॅटिननं एलडीएल तर उतरतंच, दाहही उतरतो. 2008 च्या ज्युपिटर चाचणीत रोसुव्हास्टॅटिननं सीआरपी 37 टक्क्यांनी खाली आला होता. एवढं ताटातून साधणं फार थोड्यांना जमतं.

तुमच्यापुरतं बोलायचं तर बंद केलेले टोमॅटो, बटाटे, वांगी, गहू आणि दूध आजपासून सुरू करा. तेल परत आणा. गोड पेयं, मैदा आणि पाकिटं कमी करा, डाळी-भाज्या वाढवा, आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास झपझप चाला. सिगारेट ओढत असाल तर वरचं सगळं बाजूला ठेवून आधी ती सोडा. झोप सहा तासांच्या खाली जात असेल किंवा घोरणं जोरात असेल तर तेही सांगा, कारण त्यानंही सीआरपी चढतो. कंबर बेंबीच्या पातळीवर मोजून लिहून ठेवा. वजनकाट्यापेक्षा ती जास्त खरं बोलते.

फेरतपासणीत सीआरपी 2 च्या खाली आला तर तो विषय सोडून द्या. हिरड्या बऱ्या होऊनही 3 च्या वरच राहिला, तर वडिलांचा इतिहास धरून तुमच्या डॉक्टरांशी स्टॅटिनबद्दल बोला. 128 हे एलडीएल तुमच्यासारख्याला ‘नॉर्मल’ म्हणून सोडून देण्याजोगं नाही. आणि त्याच रक्तात लायपोप्रोटीन-ए हा एलडीएलसारखाच एक कण मोजायला सांगा. ते आयुष्यात एकदाच मोजावं लागतं, जवळपास पूर्णपणे अनुवंशानं ठरतं, साधारण पाचातल्या एकात जास्त असतं, आणि कुठल्याही आहारानं हलत नाही. वडिलांना 51व्या वर्षी झटका का आला, याचं उत्तर कदाचित त्यातच असेल.